नमुन्याचा हेडफोन

"खणाची किल्ली द्या ना, क्रामेबाई," लिंडनर म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे. मोजते आणि परत आणून देते."

"मोजायचं काय आहे त्यात?" बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात एक जुना हेडफोन होता, त्याच्या झिजलेल्या गाद्या त्या नखाने सोडवत होत्या. "तो नमुना आहे. बाकीचे त्याच्याशी मोजायचे. त्याला कशाशी मोजणार?"

लिंडनर आमच्या कारखान्यात नवी आलेली इंजिनियर. मुलगी हुशार, बोलायला गोड. पुढच्या दालनात काचेचं कपाट बसवणार होते आणि त्यात खणातला तो नमुना, म्हणजे जुन्या मॉडेलचा पहिला नग, ठेवायचा होता. शेजारी त्याचा आलेखही लावायचा, म्हणून मोजणी. बाईंनी गळ्यातल्या दोरीची किल्ली काढली, खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेला हेडफोन दोन्ही हातांनी तिच्याकडे दिला. मी पॅकिंगच्या टेबलावरून बघत होते. एकोणीस वर्षांत तो खण मी दुसऱ्या कुणासाठी उघडलेला पाहिला नव्हता. आम्ही पॅकिंगवाल्या त्याला तिजोरी म्हणायचो.

रोस्विटा क्रामे म्हणजे आमच्या दुरुस्ती विभागाचा कान. चौसष्ट वर्षांच्या, एकट्या, सकाळी सातला हजर. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोक जुने हेडफोन पाठवायचे, बाई त्यांना नव्या गाद्या लावायच्या, आतली फोमची चकती बदलायच्या, मग नमुन्याचा हेडफोन आणि दुरुस्त केलेला हेडफोन आलटून पालटून कानाला लावून तेच एक पियानोचं रेकॉर्डिंग ऐकायच्या. फरक वाटला तर दाबलेल्या लोकरीची, फेल्टची चकती पातळ किंवा जाड घालायच्या. जुळलं की खोक्यात चिठ्ठी पडायची: 'ऐकून तपासला. रो. क्रामे.' त्या चिठ्ठीसाठी लोक आमच्याकडे माल पाठवायचे. चिठ्ठी खोक्यात टाकायचं काम माझं.

हेडफोन म्हातारा कसा होतो, ते मला बाईंनीच शिकवलं. तार तुटते, वरची पट्टी सैल पडते, हे सगळ्यांना दिसतं. आवाजाचं म्हातारपण मात्र गाद्यांपासून सुरू होतं. गादी बसत जाते, त्यामुळे आतला पडदा कानाच्या जवळ येतो, फटीतून खालचे सूर निसटतात, वरचे टोचायला लागतात. पण हे इतकं हळूहळू होतं की वापरणाऱ्याला कळत नाही. रोज बघणाऱ्या आईला पोराची उंची कुठे कळते? आणि मग नव्या गाद्या लावून हेडफोन परत गेला की गिऱ्हाईक ओरडतं, हा माझा नव्हेच! अशा लोकांना बाईंचं एक ठरलेलं पत्र जायचं. सौम्य, सभ्य, ठाम. आपला हेडफोन आमच्या नमुन्याशी तंतोतंत जुळतो, दोन आठवडे वापरून पाहा, कानाला सवय होईल. गिऱ्हाइकाचं वय पत्रावरून दिसत असेल तर शेवटी आणखी एक वाक्य: वयानुसार श्रवणातही बदल होतात, याची कृपया नोंद घ्यावी.

लिंडनर दहा मिनिटांत आली नाही. तासाभराने आली. हातात दोन कागद.

"तीनदा मोजला," ती म्हणाली. "क्रामेबाई, हा बिघडलाय."

"वापरलेलाच नाही तो," बाई म्हणाल्या. "तपासताना पाच-पाच मिनिटं. चौतीस वर्षं तेवढंच."

"न वापरतासुद्धा फोम मरतो. आतली चकती सुकून तिचा भुगा झालाय. गाद्या कडक झाल्यात. वरचे सूर केवढे चढलेत बघा." तिने कागद टेबलावर ठेवला. "तुम्ही गेल्या काही वर्षांत तपासलेले नग गोदामात आहेत, तेही मोजले. सगळे असेच टोचरे निघाले. सगळे याच्याशी बरोब्बर जुळतात."

बाईंनी चष्मा लावला. आलेखाच्या दोन रेघा हातात हात घालून वर चढत होत्या, आणि त्या जिथे असायला हव्या होत्या, तिथली तिसरी रेघ बरीच खाली, एकटी.

"मला कसं ऐकू आलं नाही?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःहून कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. एका ठरावीक उंचीच्या वर त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. कधीपासून, ते डॉक्टरला सांगता आलं नाही. नमुना आणि बाई बरोबरीने म्हातारे झाले होते, आणि दोघांनी एकमेकांच्या बाजूने साक्ष दिली होती.

साहेबांनी फार मनावर घेतलं नाही. तक्रार कुणाची आहे? आली तर गाद्या बदलून देऊ. बाईंना निरोपाला फुलं आणि केक ठरलेलाच होता, तोही तसाच राहू दे म्हणाले.

बाई मात्र तक्रारींची फाईल घेऊन बसल्या. सहा वर्षांत अकरा जणांनी लिहिलं होतं की वरचे सूर टोचतात. अकराही जणांना तेच पत्र गेलं होतं. दहा जणांनी पुन्हा लिहिलं नाही. अकराव्याची तीन पत्रं होती. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी ती माझ्यापुढे सरकवली.

"तू वाच, इम्के. माझे डोळे दुखतायत."

डोळे दुखत नव्हते. मी वाचलं. ओनो एगेर्स, समुद्राकडच्या बांधाजवळच्या एका खेड्यातला चर्चचा ऑर्गन वाजवणारा माणूस. वाजवायचा आणि सांभाळायचाही, एकतीस वर्षं. ऑर्गनच्या शेजारी उभं राहून सगळ्या नळ्यांचा एकत्र अंदाज येत नाही, म्हणून तो दर वसंतात खाली बाकांमध्ये मायक्रोफोन लावून रेकॉर्डिंग करायचा, घरी आमच्या हेडफोनवर ऐकायचा आणि कुठली नळी रुसली आहे ते शोधायचा. पहिल्या पत्रात त्याने लिहिलं होतं, तुमच्याकडून हेडफोन आल्यापासून सगळ्या लहान नळ्या किंचाळतात. मी वर चढून एकेक पाहिली, दोष सापडत नाही. दुसऱ्या पत्राबरोबर त्याने हेडफोन परत पाठवला होता, कृपया पुन्हा ऐकावा. बाईंनी दोनदा ऐकला होता. जुळत होता. ठरलेलं पत्र गेलं, शेवटच्या वाक्यासकट.

तिसरं पत्र चार ओळींचं होतं. 'आभारी आहे. म्हणजे दोष माझ्यात आहे. चर्चच्या मंडळींना तसं कळवलं. ज्याच्या कानाचा भरवसा नाही त्याने ऑर्गनला हात लावू नये.' त्यावर बाईंच्या हाताचा शिक्का होता: निकाली.

"मला आठवतंय," बाई म्हणाल्या. "शिक्का मारताना मला बरं वाटलं होतं. म्हटलं, समजूतदार माणूस आहे."

"पत्र लिहा त्यांना," मी म्हटलं.

"पत्रानेच तर केलंय सगळं."

शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. बाईंना गाडी येत नाही, आणि मी मूळची तिकडचीच. शिवाय त्या खोक्यात चिठ्ठी मीच टाकली होती. वाटेत धुकं होतं. बाईंनी मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. तिच्यात लिंडनरने मोजून जुळवलेला नवा हेडफोन, तिन्ही पत्रं आणि कारखान्याचे दोन कोरे कागद. अडीच तासांत त्या एकदाच बोलल्या.

"त्यांनी दार लावून घेतलं तर?"

"लावणार नाहीत," मी म्हटलं. "आमच्याकडे आधी चहा देतात, मग हाकलतात."

घर चर्चला खेटूनच होतं. दार एगेर्सनीच उघडलं. ऐंशीला टेकलेला उंच, वाकलेला माणूस, लोकरीची बंडी, दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं. ती पाहून बाई उंबऱ्यातच थबकल्या.

"मोइन," त्यांनी तिकडचा नमस्कार केला. "फोनवर काय ते नीट कळलं नाही. हेडफोनचं काहीतरी आहे ना? आत या. पाणी उकळलंय."

चहा आला. पेल्यात खडीसाखर, वर चहा ओतताना ती तडकते तो आवाज, कडेने सोडलेली साय. बाईंनी चमचा उचलला तसा मी टेबलाखालून त्यांना पाय लावला. ढवळायचं नसतं. बाईंनी मुकाट्याने पेला रिकामा केला. एगेर्सनी भरला. बाईंनी तोही रिकामा केला. एगेर्सनी पुन्हा भरला. पुरे म्हणायचं तर चमचा पेल्यात ठेवायचा, हे बाईंना कोण सांगणार? त्यांना बोलायला सुरुवात सापडत नव्हती आणि म्हाताऱ्याला त्या तहानेल्या वाटत होत्या. चौथा पेला संपल्यावर मला राहवलं नाही.

"बाई, बोला आता. नाहीतर इथेच बुडाल."

एगेर्स हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिन्ही पत्रं काढून टेबलावर ओळीने मांडली.

"ही तुमची पत्रं. उत्तरं मी लिहिली होती. मी क्रामे."

"रो. क्रामे?" एगेर्स पुढे झुकले. "तुम्ही बाई आहात? मला वाटायचं रोलांड की काय असेल."

"एगेर्ससाहेब, तुमच्या कानात दोष नव्हता. आमचा नमुना खराब झाला होता, आणि माझा कानही. दोन्ही मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं होतं. हेडफोन टोचत होता. नळ्या ठीक होत्या." त्या एका दमात बोलल्या, पाठ केल्यासारखं. मग थांबल्या. "मी तुम्हाला चुकीचं लिहिलं."

एगेर्सनी एका यंत्राला बोट लावून आवाज वाढवला.

"पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं.

एगेर्सनी पेला बशीत फिरवला.

"माझं पहिलं पत्र मार्चमधलं ना?"

"मार्चमधलं. सहा वर्षांपूर्वीचं."

"म्हणजे त्या ईस्टरला माझा कान शाबूत होता."

"होता."

"हं," ते म्हणाले. आणि मग, खिडकीकडे बघत, "आल्मुत म्हणत होती. माझी बायको. म्हणायची, ओनो, मी माडीवर तुला शिव्या पुटपुटते त्या तुला खाली ऐकू येतात, आणि म्हणे कान गेला! कुठल्या मूर्खानं सांगितलं?" त्यांनी बाईंकडे पाहिलं. "माफ करा, तिचे शब्द आहेत."

"बरोबर आहेत."

"मी तिला तुमचं पत्र दाखवलं. म्हटलं, बघ, ज्यांनी हेडफोन बनवला त्यांनीच लिहिलंय, खाली सही आहे. ती म्हणाली, मी तीस वर्षं तुझ्याबरोबर राहते, आणि तू सहीवर विश्वास ठेवतोस." ते थांबले. "तेव्हापासून मी वर चढलो नाही. शाळेतला एक मास्तर वाजवतो. बरा वाजवतो. आल्मुत गेली त्याला तीन वर्षं झाली. तिच्या अंत्यविधीच्या वेळीही तोच वाजवत होता. मी पहिल्या बाकावर बसलो होतो. तिनं सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी तूच वाजव म्हणून. मी म्हटलं, आल्मुत, खोट्या कानानं वाजवायचं नसतं."

बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला. मला त्या क्षणी त्या पत्राची, त्या सभ्य पत्राची एवढी चीड आली की ते समोर असतं तर मी फाडलं असतं. पण ते समोर नव्हतं, आणि लिहिणारी माझ्या शेजारी बसून लहान होत चालली होती.

"मी नवा हेडफोन आणलाय," बाई कशाबशा म्हणाल्या. "हा मोजलेला आहे. मशीनवर."

"आता काय करू त्याला?" एगेर्सनी कानांमागच्या यंत्रांना हात लावला. रागाने नाही, पाऊस थांबलाय का विचारावं तसं. "आता खरंच गेलाय. गेली दोन वर्षं." मग ते उठले. खुंटीवरची मोठी किल्ली त्यांनी काढली. "चला. एक बघायचंय."

चर्च गार होतं. वर जाणारा जिना इतका अरुंद की बाईंना आडवं होऊन चढावं लागलं. एगेर्स प्रत्येक पायरीला थांबत होते, पण कुठली पायरी करकरते ते पायांना माहीत होतं, ती त्यांनी ओलांडली. वर त्यांनी नळ्यांना हवा पुरवणारा पंखा चालू केला, बाकावर बसले, नळ्यांचा एक संच उघडणारी बाजूची खुंटी ओढली आणि मला म्हणाले, "त्या फळीमागे बघ, पोरी. सगळ्यात शेवटची, पेन्सिलीएवढी. दिसली?"

सत्तेचाळीस वर्षांच्या मला पोरी म्हणणारा तो एकटाच असेल. मी म्हटलं, दिसली.

त्यांनी उजव्या टोकाची पट्टी दाबली आणि मान तिरकी करून ऐकू लागले. बाईंनीही मान तशीच तिरकी केली. चौतीस वर्षांची सवय. दोघं तसेच राहिले. मग एगेर्सनी बाईंकडे पाहिलं.

"बोलतेय का?"

बाईंनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. "मला येत नाही ऐकू."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

ती नळी बोलत होती. मघापासून बोलत होती. बारीक, सरळ, चिमणीच्या पिल्लाहूनही बारीक. मला संगीतातलं काही कळत नाही, मी खोकी बंद करणारी बाई. पण त्या दोघांमध्ये उभं राहून एकटीनंच ते ऐकणं मला नकोसं झालं.

"बोलतेय," मी म्हटलं.

"कशी? खरं सांग. चांगलं वाटावं म्हणून नको."

मी पुन्हा ऐकलं. "बारीक. स्वच्छ. खरखर नाही. टोचत नाही."

"टोचत नाही," एगेर्सनी बाईंना सांगितलं, जणू बाईंनी विचारलं होतं. "तेव्हा किंचाळते असं वाटलं, तरी तिच्यात मी काही बदल केला नव्हता."

त्यांनी पट्टी सोडली. बोटं क्षणभर मधल्या पट्ट्यांवर आली, नुसती टेकली, दाबली नाहीत. मग त्यांनी पंखा बंद केला. हवा उतरताना ऑर्गनने लांब सुस्कारा टाकला, तो आम्हा तिघांनाही ऐकू आला.

घरी परत आल्यावर ते म्हणाले, "मला लेखी हवं."

"देते," बाई म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद काढला. "कारखान्याकडून की माझ्याकडून?"

"तुमच्याकडून. पत्र तुमचं होतं."

"तारीख? मागची घालू का? तेव्हाची?"

"आजची घाला. खोटं नको."

बाईंनी लिहिलं. दोन ओळींना बराच वेळ लागला. 'श्री. ओनो एगेर्स यांनी सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये जे ऐकलं ते बरोबर होतं. आम्ही जे लिहिलं ते चूक होतं. रोस्विटा क्रामे.' या वेळी त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

एगेर्सनी कागद हातभर लांब धरून वाचला. शाई वाळेपर्यंत थांबले. मग बंडीवर कोट चढवला, टोपी घेतली.

"तुम्ही बसा. मी जरा पलीकडे जाऊन येतो. चहा आहे किटलीत."

पलीकडे म्हणजे चर्चच्या मागे, कबरींकडे. खिडकीतून दिसत होतं. ओल्या गवतातून ते चौथ्या ओळीपर्यंत गेले, एका दगडासमोर थांबले, टोपी काढून काखेत धरली. खिशातून कागद काढला. ओठ हलताना दिसत होते. दोनच ओळींचा मजकूर, पण त्यांना वेळ लागत होता. बहुधा तिथेही पुन्हा सांगावं लागलं असेल.

बाईंनी एकदाच पाहिलं आणि मग टेबलाकडे तोंड केलं. त्या आवाज न करता रडत होत्या. मी त्यांच्या पेल्यात चहा ओतायला किटली उचलली, आणि पुरे असेल तर चमचा पेल्यात ठेवा, असं सांगितलं.

एगेर्स परत आले तेव्हा बूट ओले होते. काही न बोलता त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, हेडफोन. आत आमची पावती, मी खोक्यात टाकलेली ती चिठ्ठी, पत्रांच्या नकला, बाईंची उत्तरं. कागदाला भोकं पाडायचं यंत्र त्यांनी कागदावर नीट मध्यावर बसवलं आणि तळहाताने दाबलं. मग कागद शेवटी, तारखेप्रमाणे लावला आणि फाईल बंद केली. टेबलावर कागदाच्या दोन गोल टिकल्या पडल्या होत्या. बोट ओलं करून त्यांनी त्या टिपल्या आणि बशीत ठेवल्या.

"आणखी चहा?" त्यांनी विचारलं.

बाईंनी चमचा पेल्यात ठेवला.